येते म्हणजे जाते

लग्न करायचं तर नवरा लागतो, एवढं बाईंना ठाऊक होतं. नवऱ्याखेरीज आणखी काय काय लागतं, ते त्यांना वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी शेजारच्या अर्जकाकांनी समजावून सांगितलं.

अर्जकाका नोंदणी खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. नोकरीत असताना त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवले, आणि आता पापक्षालन म्हणून की काय, ते शेजाऱ्यांचे अर्ज भरून देत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी व्हिसाच्या सूचना वाचल्या आणि दीर्घ श्वास घेतला.

"एक लक्षात ठेवा बाई. सरकार कुठलंही असो, ते आपल्याला खोटारडंच समजतं. वाईट वाटून घ्यायचं नाही. ते आपल्याला खोटं समजणार, आपण खरं असल्याचा कागद जोडणार. ते कागद खोटा समजणार, आपण कागद खरा असल्याचा कागद जोडणार. शेवटी कोणीतरी दमतं."

"कोण?"

"बहुतेक वेळा आपण," अर्जकाका म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

बाई पहिलीच्या वर्गाला शिकवत. शाळेत त्या बाई, बाजारात बाई, जिन्यात बाई. त्यांना याशिवाय काही नाव असेल ही शंका इमारतीतल्या लोकांना त्यांचा पासपोर्ट आला तेव्हाच आली. अशा बाईंना लग्नाचं कसं सुचलं, याचं उत्तर गावातल्या छापखान्यात होतं. तिथे एक मोठं यंत्र बसवायला परदेशातून एक मेकॅनिक आले होते. अंगाने शिडशिडीत, उंचीला ताडमाड, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांना इथली भाषा शिकायची होती. छापखान्याचे मालक शाळेच्या समितीवर होते. ते म्हणाले, शिकायचं तर मुळापासून शिकावं. आणि त्यांनी त्या गृहस्थांना सरळ पहिलीच्या वर्गात आणून बसवलं. शेवटच्या बाकावर, गुडघे कानांशी. पोरांनी तासाभरात त्यांचं नाव 'लांबडे' ठेवलं आणि तेच टिकलं.

एकदा वर्गात फार गलका झाला म्हणून बाईंनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. पाच मिनिटांत सगळ्या पोरांची बोटं निसटली. लांबड्यांचं बोट मधल्या सुट्टीपर्यंत तोंडावर होतं. सांगितलेलं इतका वेळ ऐकणारा पुरुष बाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पुढे जे व्हायचं ते तिथून सुरू झालं.

आता घरचं सांगायला हवं. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यात बाई आणि बाईंची आई. आई ऐंशीच्या घरातली, दम्याची, ठेंगणी, आणि बोलायला तिखट. आईचे दोन नियम होते. पहिला : घरातून बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. तसं हा नियम सगळेच पाळतात. पण बाकीचे सवयीने पाळतात आणि आई पहारेकऱ्यासारखा पाळून घेई. कचरा नेणारा माणूस एकदा "जातो आजी" म्हणाला, तर तिने त्याला अर्ध्या जिन्यातून परत बोलावून "येतो" म्हणायला लावलं. दुसरा नियम : 'येते' म्हणून गेलेलं माणूस परत येईस्तोवर दाराला कडी घालायची नाही. दार नुसतं लोटायचं आणि त्याच्याकडे तोंड करून बसायचं.

"अहो, चोर येतील एखाद दिवशी," अर्जकाका म्हणत.

"चोर 'येतो' म्हणून गेलेला नाही. तो कशाला येईल?" आई म्हणे.

खरं म्हणजे कडी घालायची म्हटली तरी आईला ती पोचत नव्हती. दार जुनं, कडी पार वर. रात्री बाई घालत, त्याही टाचा उचलून. "खाली एक कडी बसवून देतो," असं बाईंचा मोठा भाऊ, दादा, कित्येक वर्षं म्हणत होता. लांबडे पहिल्यांदा घरी आले तेव्हा निरोप घेता घेता त्यांनी सहज हात लावून कडी खालीवर करून पाहिली आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून तिचा सैल झालेला स्क्रू पिळून दिला. ते गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "हात पोचतो त्यांचा." आईच्या तोंडून जावयाची याहून जास्त स्तुती निघाली नसती.

लांबडे मायदेशी परतले. फोनवर रोज बोलणं होऊ लागलं, मग लग्नाचं ठरलं. बाईंनी आईला ते कसं सांगितलं? तर पिशवी खुंटीवरून काढता काढता, भाजी घेऊन येते म्हणावं तशा आवाजात, "आई, मी तिकडे जाऊन लग्न करून येते."

"ये," आई म्हणाली. "स्वेटर घे."

बस्स. व्हिसा 'लग्न करून तिकडेच राहण्याचा' आहे, हे बाईंनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. 'येते' हा शब्द फार मायाळू आहे. त्याच्या पदराआड वाटेल तेवढं झाकता येतं.

कागदांची सुरुवात छायाचित्राने झाली. 'अर्जदार आणि भावी पती एकत्र असलेलं छायाचित्र' हवं होतं. होतं फक्त एकच : पहिलीच्या वर्गाचं. त्यात बाई मधोमध, हातात फूटपट्टी. लांबडे मागच्या ओळीत, खांद्यापर्यंत मुलं, आणि फोटोवाल्याने डोकं चौकटीत यावं म्हणून त्यांना गुडघ्यांत वाकवलेलं. अर्जकाकांनी दोघांवर लाल बाण काढले. बाईंना आपल्यावरचा बाण बघून उगाच अपराध्यासारखं वाटलं.

मग पोलिसाचा दाखला. चौकशीला आलेला हवालदार दारात उभा राहिला आणि आत येईना. पहिलीत बाईंनी त्याला खिडकीतून उडी मारल्याबद्दल भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

"आत ये. बस," बाई म्हणाल्या.

"उभाच बरा आहे बाई." त्याने वही उघडली. "तुमचं, म्हणजे आपलं... वर्तन कसं आहे, असं विचारायचंय."

"तुला काय वाटतं?"

हवालदाराने जमिनीकडे पाहिलं, त्याचे कान लाल झाले, आणि त्याने दाखल्यावर एकच शब्द लिहिला : 'कडक'. शिक्का मारताना तो म्हणाला, "चांगलं म्हणूनच लिहिलंय बाई. घरी आई अजून तुमचं नाव घेते." शिक्का वाळल्यावर तो जिना उतरू लागला, मागे वळला आणि आईला म्हणाला, "येतो आजी." हा नियम त्याला पहिलीपासून ठाऊक होता.

मग वैद्यकीय तपासणी. फुप्फुसाच्या चित्रात एक डाग निघाला. डॉक्टरांनी चित्र उजेडाला धरलं आणि घरात कोणाला क्षय होता का, असं विचारलं. "खडू असेल," बाई म्हणाल्या. "सगळं आयुष्य फळ्यापुढे गेलं." डॉक्टरांना हे पटलं नाही. मग कित्येक आठवडे बाई सकाळी उठून डबीत थुंकी भरत आणि शाळेच्या वाटेवर दवाखान्यात देत. एकदा घाईत त्यांनी मुलांच्या हजेरीबरोबर ती डबी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. मुख्याध्यापकांनी ती उघडली. त्याबद्दल शाळेत पुन्हा कोणी काही बोललं नाही, पण मुख्याध्यापक त्या दिवसापासून बाईंच्या हातून काही घेईनात. अखेर डाग जुना आणि निरुपद्रवी ठरला. इतक्या वर्षांच्या नोकरीचं हेच काय ते स्मृतिचिन्ह बाईंना मिळालं होतं, आणि तेही दाखवण्यासारखं नव्हतं.

चौथी गोष्ट अवघड होती. अर्जात एक रकाना होता : 'अर्जदारावर अवलंबून असलेली व्यक्ती'.

"'कोणी नाही' लिहा," अर्जकाका दबक्या आवाजात म्हणाले. आतल्या खोलीत आई झोपली होती, किंवा झोपल्यासारखी होती. "तिथे आईंचं नाव घातलंत की विचारतील, मग त्यांचं काय? याला काय उत्तर देणार?"

बाईंनी मुलांना खोटं लिहू नका म्हणून हातावर पट्ट्या दिल्या होत्या. त्यांनी रकान्यात स्वच्छ अक्षरात 'आई' लिहिलं. आणि अर्जकाकांचं खरं झालं : उत्तर आलं की, आईचा सांभाळ कोण करणार याचं हमीपत्र जोडा.

म्हणून दादाला बोलवावं लागलं. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राही. तो आला, खुर्चीवर बसला आणि पंख्याकडे बघत बोलू लागला.

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतात, कधी निघणार."

"लोकांचं ठीक आहे गं. त्यांना काय जातंय? पण आईचा दमा... माझ्या घरी एक खोली पोरांची, एक आमची. ती राहील कुठे?"

"इथेच राहील. दिवसभर एक बाई येईल. रात्री तू येत जा, नाहीतर अर्जकाका बघतील. तू फक्त सही कर. आणि ती खालची कडी बसव."

"कडी बसवतो. ते काय, रविवारी बसवतो." कोणत्या रविवारी, ते दादाने कधी सांगितलं नव्हतं. त्याने सही केली. ती परत आली : त्याच्या ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही. त्याने दुसरी केली, तीही परत. तिसरीत त्याचं आडनाव अर्ध्यावरच संपलं होतं.

"असं का होतंय हो?" बाईंनी विचारलं.

"मनात नसलं की हात हलतो," अर्जकाका म्हणाले. "नोंदणी खात्यात मी अख्खी हयात हेच बघितलं. जमिनीच्या वाटणीत भावाच्या सह्या कधी जुळत नाहीत." त्यांनी दादाला समोर बसवलं, पाणी दिलं, आणि चौथी सही त्यांच्या देखरेखीखाली झाली. सही करून झाल्यावर दादाने पेनला टोपण लावलं. मग हळूच म्हणाला, "मी वाईट नाहीये गं. माझ्याच्याने होईल की नाही, माहीत नाही." पहिलीच्या पुस्तकात याला धडा नव्हता.

राहिला पुरावा : संबंध खरा असल्याचा. म्हणजे दोघांचे फोनवरचे निरोप, तिकडच्या भाषेत भाषांतर करून. बाईंनी ते सगळे काढले आणि स्वतःच वाचून जरा ओशाळल्या. लांबडे लिहीत, 'मी आज फार थकली.' बाई उत्तर देत, 'थकलो.' ते लिहीत, 'तू माझा फार आवडते.' बाई उत्तर देत, 'तू मला फार आवडतेस. पुन्हा लिहा.' आणि ते पुन्हा लिहीत. लग्नाची मागणीसुद्धा अशीच झाली होती. त्यांनी लिहिलं होतं, 'माझा लग्न तू करते का?' बाईंचा ऊर धडधडत होता, पण व्याकरण ते व्याकरण. त्यांनी लिहिलं, ''माझ्याशी लग्न करशील का?' असं हवं.' लांबड्यांनी ते वाक्य दहा वेळा लिहून पाठवलं, एकाखाली एक, एकही चूक न करता. आणि बाईंनी त्याखाली लिहिलं, 'बरोबर.'

भाषांतरकाराचं दुकान फोटोस्टॅटच्या दुकानामागे होतं. माणूस सालस, पण भिंतीसारखा. "मी पदरचं काही घालत नाही," तो म्हणाला. "शब्दाला शब्द. जन्माचा दाखला असो नाहीतर औषधाची चिठ्ठी."

"पण यात थोडा भाव..."

"भाव अर्थात येतो. मी शब्द करतो."

त्याने शब्द केले. गठ्ठा गेला. आणि पावसाळा संपता संपता उत्तर आलं. अर्जकाकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तिकडे कधी गेला होतात?"

"कधीच नाही."

"हे म्हणतात, तुम्ही रोज जाता."

झालं होतं असं : बाई रोजचं बोलणं संपवताना लिहीत, 'येते मग.' आणि लांबडे उत्तर देत, 'ये.' फोन ठेवतानाही दाराबाहेर पडल्यासारखं बोलणाऱ्या आईच्या लेकीला दुसरं काय सुचणार? भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवला होता : 'मी आता येत आहे.' 'ये.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'मी आता येत आहे.' 'ये.' सरकारचं म्हणणं असं की, अर्जदार स्त्री सतत आपण येत असल्याचं कळवते, तो गृहस्थ तिला येऊ देतो, आणि सीमेवर तिच्या येण्याची एकही नोंद नाही. तेव्हा एकतर ती चोरवाटेने ये-जा करते, किंवा हे निरोप बनावट आहेत. अर्जदाराने मुलाखतीस हजर राहावं; अवलंबून असलेल्या व्यक्तीसही सोबत आणावं.

"मला कशाला?" आई म्हणाली.

"विचारणार आहेत काहीतरी."

"विचारू देत. मला कमी ऐकू येतं." हे खोटं होतं. आईला शेजारच्या घरात झाकण पडलेलं ऐकू येई.

व्हिसा कचेरीच्या दारात रखवालदाराने पिशव्या तपासल्या आणि आईचा दम्याचा पंप बाजूला काढला. फवाऱ्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत.

"बाबा रे," आई म्हणाली, "हा घेतलास तर मी आत मरेन. मग माझे कागद तू भरशील का? हिला विचार किती लागतात ते." रखवालदाराने बाईंच्या काखेतल्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि पंप परत दिला.

आत काच होती. काचेपलीकडे एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांना जबर सर्दी झाली होती. शेजारी दुभाषी, अतिशय नम्र, चुकून कोणाला दुखावू नये म्हणून प्रत्येक शब्द आधी पुसून मग ठेवणारा.

"अधिकारी विचारतात," तो म्हणाला, "आपलं वर्तन टणक आहे, म्हणजे काय?"

"कडक!" बाई म्हणाल्या. "शिस्तीचं."

"आणि या गृहस्थांनी आपल्याला मागणी घातली, त्यावर आपण 'अचूक' असं लिहिलंत. हा होकार समजायचा का?"

"पहिलीच्या वर्गात याहून मोठा होकार नसतो."

दुभाष्याने ते सांगितलं. अधिकारी बाई शिंकल्या, पण शिंकण्याआधी त्या किंचित हसल्यासारखं बाईंना वाटलं. धीर आला. मग आलं 'येते'. बाई खुर्चीवर पुढे सरकल्या. समोर फळा नव्हता, पण आवाज आपोआप वर्गाचा लागला.

"त्याचं असं आहे. निघताना आम्ही 'जाते' म्हणत नाही. 'जाते' म्हणणं बरं नसतं. म्हणून 'येते' म्हणतो. म्हणजे, येते म्हणजे जाते."

पलीकडे कुजबुज झाली. "अधिकारी विचारतात, मग खरोखर येताना काय म्हणता?"

"काही नाही. दार लोटलेलंच असतं."

अधिकारी बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, नाक पुसलं आणि एक प्रश्न विचारला. दुभाष्याने तो लगेच सांगितला नाही. त्याने आधी आईकडे बघितलं.

"विचारतात... कायमचं जाताना काय म्हणता?"

पहिलीतली मुलं वाटेल ते विचारतात : चंद्राला शेपूट का नसते, बाईंची बाई कोण. बाई कधी अडल्या नव्हत्या. आज अडल्या. कायमच्या जाणाऱ्यासाठी भाषेत शब्द होता, पण तो जाणारा म्हणत नाही, मागे राहिलेले म्हणतात.

"कायमचं जाताना कोणी सांगून जात नाही," कमी ऐकू येणारी आई शेजारून म्हणाली.

दुभाष्याने हे भाषांतर केलं की नाही, कळलं नाही. अधिकारी बाईंनी गठ्ठा मिटला. आता त्यांचा आवाज सरकारी झाला होता. हा व्हिसा तिकडे कायम राहण्याचा आहे. लग्नानंतर अर्जदार तिकडेच राहणार आहे, की इथे परत येणार आहे? परत येणार असेल तर अर्ज चुकीचा आहे आणि तो रद्द होईल. एका शब्दात उत्तर द्यावं.

बाईंनी आईकडे पाहिलं नाही. आईच्या पंपाचा फुस्स असा आवाज आला. काचेवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे होते. आधी कोणीतरी इथे हात टेकून काहीतरी सांगून गेलं असणार. एवढ्या महिन्यांची धावपळ, डब्या, सह्या, शिक्के, सगळं या एका खुर्चीशी येऊन ठेपलं होतं, आणि इथे 'येते' चालत नव्हतं.

"तिकडेच," बाई म्हणाल्या. "तिकडेच राहणार."

"अवलंबून असलेल्या व्यक्तीला हे माहीत होतं का?"

दुभाष्याने प्रश्न हळू आवाजात सांगितला. आईने चष्मा सरळ केला.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

परतताना टॅक्सी केली. सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा आई म्हणाली, "सर्दी तिला, आणि काच आपल्याला." घरी आल्यावर बाईंनी कागदांची पिशवी खुंटीला अडकवली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मी नाही जात, आई. कळवते त्यांना."

"काय कळवतेस? दोन वर्षं तोंडावर बोट ठेवून बसलाय तो माणूस. काढू दे आता." आई पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. "दिवा घालव. डोळ्यावर येतो."

व्हिसा आला. अर्जकाकांनी तो स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आणि मग, आयुष्यात मंजूर झालेला एकही अर्ज त्यांनी आपल्या हाताने कोणाला दिला नसल्यामुळे असेल, त्यांना पुढे काय म्हणतात ते आठवेना. "हं," ते म्हणाले, आणि घरी जाऊन झोपले.

जायच्या आदल्या दिवशी लांबड्यांचा निरोप आला : 'मी वाट पाहतो आहे. तुझ्या आईला एकटं वाटेल, याचं मला वाईट वाटतं.' बाईंनी तो सवयीने तपासला. काना, मात्रा, लिंग, वचन. पुन्हा तपासला. एकही चूक नव्हती. बाईंना रडायला तेवढं निमित्त पुरलं.

सकाळी टॅक्सी खाली उभी होती. दादा बॅगा घेऊन उतरला, उतरता उतरता त्याने दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "कडी रविवारी नक्की." कामाला ठेवलेली बाई दुपारपासून यायची होती. आई दाराशी आली. बाईंनी स्वेटर हातावर घेतला होता. पंपाच्या दोन बाटल्या कुठे ठेवल्यात, डॉक्टरांचा नंबर कुठे चिकटवलाय, गरम पाण्याचा थर्मास कसा उघडतो, सगळं सांगून झालं. पुन्हा सांगून झालं. मग बोलायला तेवढंच उरलं.

"येते, आई."

"थांब," आई म्हणाली. "जाते म्हण."

बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तुझे वडील त्या दिवशी 'येतो' म्हणूनच गेले होते. साधे कचेरीत गेले होते. लोक घरी येऊन सांगून गेले, सगळं आटोपलं, तरी मी दार लोटून बसत होते. म्हणाले होते ना येतो. किती वर्षं बसले ते तुला माहीत नाही. तू लहान होतीस, तुला वाटायचं आई वाऱ्याला बसते." आईला धाप लागली; तिने थांबून श्वास घेतला. "तू येते म्हणालीस तर मी पुन्हा बसेन. आता माझ्याने बसवत नाही पोरी. जाते म्हण."

"आई, असं कसं..."

"म्हण. जा."

"जा..." बाईंची जीभ वळेना. पहिल्या दिवशी वर्गात उभं केलेल्या पोरासारखी त्यांची गत झाली. आईने मान हलवली. घाई केली नाही. बाई स्वतः मुलांसमोर थांबत तशीच ती थांबली.

"जा-ते."

"पुन्हा."

"जाते."

"बरोबर," आई म्हणाली, आणि तिने दार लावलं.

बाई जिना उतरू लागल्या. खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. पहिल्या वळणावर पोचल्या तोच वरून आवाज आला : फरशीवरून स्टूल ओढल्याचा. बाई थांबल्या. कठड्याला धरून त्यांनी वर कान लावला. आई स्टुलावर चढत होती. ऐंशीच्या घरातली, दम्याची, ठेंगणी आई. एक पाय. बराच वेळ काही नाही. दुसरा पाय.

कडी पहिल्या खेपेला बसली नाही. दुसऱ्या खेपेला बसली.